जमिनीवर बसणाऱ्या गुडघ्यांचा प्रश्न

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकात मागच्या आठवड्यात गुडघेदुखीच्या मोफत तपासणी शिबिराची बातमी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला माझी थोरली बहीण, आमची अक्का, त्या बातमीचं कात्रण घेऊन माझ्या दारात उभी राहिली. विडीचं पान कापायच्या कात्रीनं तिनं ते नीट चौकोनी कापलं होतं. तिला मराठी वाचता येत नाही. नातीनं वाचून दाखवलं होतं. उंबरा ओलांडायच्या आधीच चौकटीला धरून तिनं विचारलं, "जाऊ का गं?"

मी तिला तेव्हा धड उत्तर दिलं नाही. बस म्हटलं, चहा दिला. ती गेल्यावर मात्र दिवसभर तो प्रश्न डोक्यातून जाईना, कारण २०१६ मध्ये अशाच एका शिबिरातून सुरू झालेली गोष्ट आम्ही अजून निस्तरतो आहोत. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण कृपया छापावं.

आम्ही पूर्व भागातल्या. तेलंगणातून पोटासाठी सोलापूरला आलेल्या विणकरांच्या घरातल्या. घरात तेलुगू, शाळेत मराठी. मी महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झाले. आई आणि अक्का विड्या वळायच्या म्हणून माझी फी भरली गेली, हे मी कधी विसरले नाही. अक्कानं नवव्या वर्षी सूप मांडीवर घेतलं, ते साठी उलटली तरी खाली ठेवलेलं नाही.

ज्यांनी विडी वळताना बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं शेजारी, सुपात तंबाखू, हातात कात्री. डावा पाय मुडपून, उजवा कधी मुडपलेला तर कधी अर्धवट लांब केलेला. सूप हलू नये म्हणून गुडघेही हलवायचे नाहीत. हजार विड्या होईपर्यंत ही बैठक मोडत नाही. संध्याकाळी माल घेऊन कारखान्यात जायचं, तिथं चेकर विड्या छाटणार, पुन्हा पानं-तंबाखू घेऊन घरी. अक्का उठायची तेव्हा आधी उजवा हात जमिनीवर, मग डावा भिंतीवर, मग तोंडातून "अम्मा" असा एक शब्द. तो शब्द मी लहानपणापासून रोज संध्याकाळी ऐकला. तेव्हा वाटायचं, दमली असेल.

असं असूनही दरवर्षी कोजागिरीला ती रूपाभवानीला नमस्कार करून तुळजापूरला चालत जायची. पंचेचाळीस किलोमीटर. २०१४ चं चालणं शेवटचं ठरलं.

२०१६ मध्ये शिबिरात अक्काच्या गुडघ्याचा फोटो, म्हणजे एक्स-रे, काढला. "गॅप कमी झालाय, वंगण संपलंय, दोन हाडांमधली गादी फाटलीय. दुर्बिणीतून आत साफ करून घेऊ, गुडघा धुऊन निघेल, चार दिवसांत चालायला लागाल," असं सांगितलं. हॉस्पिटलचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या लोकांशी मला भांडायचं नाही, आणि त्या वर्षी असंच कितीतरी ठिकाणी सांगितलं जात होतं. अक्काच्या पाटल्या मोडून अठ्ठेचाळीस हजार उभे केले. ऑपरेशन झालं, दोन छोटे टाके, आणि घरी येताना हातात एक सीडी दिली, आतून गुडघा कसा दिसतो त्याची. आमच्याकडे ती लावायला यंत्र नव्हतं. अक्कानं ती पासबुकाच्या पिशवीत ठेवली. आजही तिथंच आहे.

तीन महिने बरं वाटलं. खरंच वाटलं, तिनं शपथेवर सांगितलं असतं. पुढच्या संक्रांतीला, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या थंडीत, दुखणं होतं तिथं परत आलं.

माझी भाची, अक्काची धाकटी, फिजिओथेरपिस्ट आहे. तेव्हा ती शिकत होती. दोन वर्षांनी ती सुट्टीत घरी आली आणि एका संध्याकाळी माझ्यासमोर काही छापील कागद ठेवून म्हणाली, "मावशी, हे वाच. अम्माला हे सांगायची माझी हिंमत नाही." इंग्रजी कागद होते. शब्दकोश घेऊन मी चार संध्याकाळी बसले. त्यात जे होतं ते आपल्या वाचकांनी ऐकावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

अमेरिकेत ह्यूस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात ब्रूस मोझली नावाच्या सर्जननी गुडघ्याची झीज झालेल्या १८० रुग्णांवर एक अभ्यास केला. तो २००२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णांचे तीन गट पाडले. एका गटाचा गुडघा दुर्बिणीतून साफ केला, दुसऱ्याचा नुसता पाण्यानं धुतला, आणि तिसऱ्या गटाला फक्त ऑपरेशन झाल्यासारखं वाटेल एवढंच केलं. म्हणजे गुंगी दिली, कातडीवर तीन बारीक छेद घेतले, सर्जननी नेहमीसारखी हत्यारं मागितली, धुतल्याचा आवाज यावा म्हणून पाणी शिंपडलं, पण दुर्बीण आत घातलीच नाही. कोणाचं काय करायचं ते सर्जनलाही ऑपरेशन थिएटरमध्ये पाकीट उघडल्यावरच कळायचं. दोन वर्षं सगळ्यांचं दुखणं आणि चालणं मोजलं. तिन्ही गट सारखेच. ज्यांच्या गुडघ्याला आतून हातही लागला नव्हता, त्यांनाही धुतलेल्यांइतकंच बरं वाटलं होतं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या डॉक्टरांचा राग आला. माणसाला फसवून छेद द्यायचा म्हणजे काय? भाचीनं एका ओळीवर बोट ठेवलं. अभ्यासात येणाऱ्या प्रत्येकाकडून त्याच्याच हस्ताक्षरात लिहून घेतलं होतं की माझ्यावर कदाचित नुसतं दिखाऊ ऑपरेशन होईल, तसं झालं तर माझ्या सांध्यावर काहीच केलेलं नसेल आणि त्यानं माझी झीज बरी होणार नाही, हे मला समजलं आहे. छापील फॉर्मवर सही नव्हे, स्वतःच्या हातानं लिहायचं. हे वाचून अभ्यासाला पात्र असलेल्या ३२४ पैकी १४४ जणांनी नकार दिला. नकार देण्याइतकं त्यांना समजलं होतं, ही गोष्ट माझ्या मनात फार खोल गेली. मी शिक्षिका आहे. समजलं की नाही हे मुलाला स्वतःच्या शब्दांत लिहायला लावूनच कळतं.

अक्काकडून २०१६ मध्ये अंगठा घेतला होता. कशावर, ते तिला आजही सांगता येणार नाही.

त्या एकाच अभ्यासावर सगळं ठरवू नये, हेही बरोबर. त्यातले रुग्ण बहुतेक पुरुष होते, सर्जन एकच होते. तेव्हाही लोक तेच म्हणाले. म्हणून पुढं कॅनडात ओंटारिओमध्ये पुन्हा तपासलं. एका गटाला दुर्बिणीचं ऑपरेशन, व्यायाम आणि औषधं, दुसऱ्याला नुसता व्यायाम आणि औषधं. दोन वर्षांनी काही फरक नाही. हे २००८ चं. मग फिनलंडच्या डॉक्टरांनी 'फाटलेल्या गादी'चाच प्रश्न घेतला. गादी झिजून फाटलेली पण सांध्याची झीज न झालेली अशी १४६ माणसं, अर्ध्यांची गादी खरोखर कापून साफ केली, अर्ध्यांची नुसती तसं भासवून. २०१३ मध्ये निकाल छापला, एका वर्षानं दोन्ही गट सारखेच. आणि पुन्हा हेच ऑपरेशन करून घ्याल का असं विचारलं, तर दोन्हींकडे शंभरातले नव्वदहून जास्त लोक हो म्हणाले. ज्यांचं काहीच केलं नव्हतं तेसुद्धा.

इथं मला अक्काचे ते तीन महिने उमगले. माणूस डॉक्टरकडे जातो कधी? दुखणं अगदी शिगेला पोहोचल्यावर. आणि झिजेचं दुखणं चढतं-उतरतं. शिगेला पोहोचलेलं पुढं उतरणारच, मग मधे तुम्ही ऑपरेशन करा, मालिश करा नाहीतर नवस बोला. शिवाय ऑपरेशननंतर आम्ही तिला दोन महिने सूप हातात घेऊ दिलं नव्हतं, सून भांडी घासत होती, अक्का आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीवर बसून जेवत होती. यातल्या कशानं आराम पडला हे एका माणसावरून कधीच सांगता येत नाही. त्यासाठीच दोन गट लागतात, चिठ्ठ्या लागतात, दोन वर्षांची वाट लागते.

२०१७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये डॉक्टर आणि रुग्ण यांच्या एका गटानं हे सगळं एकत्र करून स्पष्ट लिहिलं की झिजेच्या गुडघ्यावर, जवळजवळ सर्वच रुग्णांमध्ये, दुर्बिणीचं ऑपरेशन करू नये. खेळताना लिगामेंट तुटलेल्या पोराची गोष्ट वेगळी, त्याला दुर्बिणीचा उपयोग होतो, दुर्बिणीला नावं ठेवायची नाहीत. पण पहिला निकाल २००२ चा, आणि अक्काच्या पाटल्या मोडल्या २०१६ मध्ये. चौदा वर्षं. एवढी साधी माहिती पूर्व भागापर्यंत यायला चौदा वर्षांतही वाट सापडली नाही.

कोणी म्हणेल, बाईंचा ऑपरेशनावरच राग दिसतो. अजिबात नाही. माझा स्वतःचा उजवा गुडघा २०२१ मध्ये बदलला आहे, आणि त्या सर्जनना मी रोज दुवा देते. तोपर्यंत शेवटची दोन वर्षं मी रात्री झोपले नव्हते. आज कन्ना चौकातून भाजी घेऊन घरापर्यंत चालत येते.

पण हा निर्णय घेताना मी भाचीला आधी विचारलं, "यावर कोणी दोन गट केलेत का?" केले होते, डेन्मार्कमध्ये. २०१५ साली छापून आलेला अभ्यास, १०० रुग्ण. सगळ्यांना बारा आठवडे शिस्तीनं व्यायाम, वजन कमी करायचा सल्ला, बुटातले तळवे, गरजेपुरती औषधं. त्यांतल्या निम्म्यांचा आधी गुडघा बदलला, निम्म्यांचा नाही. वर्षानंतर दुखणं आणि हालचाल यांचे गुण मोजले तेव्हा गुडघा बदललेल्यांची सुधारणा साडेबत्तीस गुणांची, नुसत्या व्यायामवाल्यांची सोळा गुणांची. म्हणजे ऑपरेशन दुप्पट चांगलं. त्याच अभ्यासात हेही होतं की गंभीर त्रास ऑपरेशनच्या गटात २४ वेळा झाले आणि दुसऱ्या गटात ६ वेळा. पायात रक्ताची गुठळी होणं, गुडघा आखडणं असे. आणि व्यायामाच्या ५० जणांपैकी वर्षभरात १३ जणांनीच गुडघा बदलून घेतला, उरलेल्यांचं तूर्त भागलं.

हा कागद मी तीनदा वाचला. माझ्या सर्जननी हेच मला त्यांच्या शब्दांत सांगितलं, काही लपवलं नाही. व्यायाम मी आधी चार महिने करून पाहिला होता, त्यानं माझं भागलं नाही, मग टेबलावर गेले. कुणी माझ्या गळी काही उतरवलं नाही, म्हणूनच नंतरचे सहा आठवडे सोसता आले. गुडघा बदलल्यानंतर तो वाकवायचा व्यायाम म्हणजे काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. पलंगाच्या कडेला बसून टाच मागं ओढायची, आणि भाची म्हणायची, "अजून एक बोट, मावशी, अजून एकच बोट." फरशीवर खडूनं रेघ मारली होती. रोज ती रेघ एक बोट मागं सरकायची. ती रेघ पुसायला मी नंतर कितीतरी दिवस कुणाला हात लावू दिला नाही.

आपल्याकडे गुडघाबदल हा शब्द घराघरात पोहोचला तो ऑक्टोबर २००० मध्ये, पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला तेव्हा. आमच्या स्टाफरूममध्ये आठवडाभर तोच विषय होता. पण तेव्हा ती मोठ्यांची गोष्ट वाटायची. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणानं कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमी वापरतात त्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला ५४,७२० रुपये, कर वेगळा. त्याआधी हाच सांधा सरासरी दीड लाखाच्या वर जात होता. त्यानंतर आमच्यासारख्यांनी हा विचार करायला सुरुवात केली. आता किंमत आवाक्यात आली, जाहिराती वाढल्या, रोबोट आला, "चोवीस तासांत चाला" आलं. म्हणूनच आता विचारायची वेळ आहे. अमुक पद्धत तमुकपेक्षा चांगली असं कोणी म्हटलं तर, किती जणांवर, किती वर्षं, आणि कशाशी तुलना करून? ब्रिटनमध्ये अर्धा गुडघा बदलावा की पूर्ण, एवढ्या एका प्रश्नासाठी २७ रुग्णालयांनी मिळून ५२८ रुग्णांना पाच वर्षं तपासलं आणि २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलं की दोन्ही जवळपास सारखेच, अर्धा थोडा स्वस्त पडतो. इतकी चिकाटी लागते. हेही सांगायला हवं की गुडघा बदललेल्या पाचांतल्या साधारण एकाचं दुखणं पुढंही पुरतं जात नाही. जाहिरातीत उरलेल्या चौघांचेच फोटो असतात.

आता माझ्या पोटातली गोष्ट सांगते.

ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी माझ्याकडून एक प्रश्नावली भरून घेतली. 'ऑक्सफर्ड नी स्कोअर', बारा प्रश्न, १९९८ मध्ये इंग्लंडमध्ये तयार केलेली, जगभर वापरतात. मोटारीत चढता-उतरता येतं का? जेवण झाल्यावर टेबलाजवळच्या खुर्चीवरून उठताना दुखतं का? एकट्यानं बाजारहाट करता येतो का? जिना उतरता येतो का? गुडघे टेकून पुन्हा उठता येतं का? मला उत्तम गुण मिळाले. फिजिओनं पाठ थोपटली.

त्या बारा प्रश्नांत मांडी घालता येते का, हे नव्हतं. उकिडवं बसता येतं का, हे नव्हतं. देवापुढं, पंगतीत, बारशाच्या पाळण्याजवळ, मयताच्या घरी सतरंजीवर बसता येतं का, कुठंच नव्हतं. माझ्या आत्येभावाच्या दहाव्याला सगळ्या बाया खाली बसलेल्या आणि मी एकटी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, सगळ्यांच्या डोक्याच्या वर. मला शंभरातले नव्वद गुण आहेत, आणि मला रडणाऱ्या वहिनीच्या शेजारी बसता येत नाही. आणि अक्काचं तर पोटच जमिनीवर आहे. तिला बदललेला गुडघा दिला आणि सूप मांडीवर घेता आलं नाही, तर तिच्या दृष्टीनं ऑपरेशन यशस्वी की अयशस्वी? हे कुणी तिला विचारलेलं नाही, कारण ज्यांनी प्रश्न तयार केले ते खुर्चीवर बसून जेवतात. त्यांचा दोष नाही. त्यांनी त्यांच्या माणसांना विचारलं. आपण आपल्या माणसांना विचारायला हवं.

आपल्या बैठकीचा आणि गुडघ्याचा संबंध आहे हे तर बाहेरच्यांनीच दाखवलंय. चीनमध्ये बीजिंगच्या वृद्धांचा अभ्यास झाला, त्यात तरुणपणी दिवसातला बराच वेळ उकिडवं बसणाऱ्यांत गुडघ्याची झीज जास्त दिसली, आणि तिथल्या बायकांत अमेरिकेतल्या गोऱ्या बायकांपेक्षाही जास्त. मग विडी वळणाऱ्या हजारो बायका एकाच शहरात, कुंभारीच्या विडी कामगारांच्या घरकुलांत तर एका रांगेत घरं असलेल्या, असं दुसरं ठिकाण कुठं मिळणार? आपल्याकडे १९६३ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, सिव्हिल हॉस्पिटल आहे, हाडांचा विभाग आहे. डॉक्टर कोटणीस याच गावात जन्मले. इथल्या तरुण डॉक्टरांना प्रबंधासाठी विषय हवा असतो. हा घ्यावा.

मोठ्या खर्चाचं मी काही मागत नाही. बायकांना दोन गटांत घ्यावं. एका गटाला घरकुलातच आठवड्यातून दोनदा, बारा आठवडे, मांडीच्या पुढच्या स्नायूचे व्यायाम, वजनाचा सल्ला, आणि सूप ठेवायला कमरेएवढं स्टूल, म्हणजे खुर्चीवर बसून विडी वळता येईल. दुसऱ्या गटाला आता जे मिळतं तेच, आणि अभ्यास संपल्यावर त्यांनाही हे सगळं. वर्षानं मोजावं की दुखणं किती, रोजच्या विड्या किती, गोळ्या किती कमी झाल्या, ऑपरेशन किती जणींना लागलं. वजनाबद्दल अमेरिकेतल्या एका अभ्यासात दाखवलंय की एक किलो कमी झालं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी उतरतो. हे ऐकून आमच्या गल्लीतल्या सहा जणी गेल्या वर्षी संध्याकाळचं चालायला लागल्या. आणि ज्या गुडघा बदलून घेतील त्यांची वेगळी नोंद ठेवावी, आपल्या प्रश्नांसह. मांडी, उकिडवं, मोरीत बसून कपडे धुणं, सूप.

"आमच्यावर प्रयोग नको," असं आमच्याकडे लगेच म्हणतात. मीही म्हणायचे. आता मला वाटतं, प्रयोग अक्कावरही झालाच. फक्त तो कुणी लिहून ठेवला नाही, दुसऱ्या गटाशी ताडून पाहिला नाही, तिला समजावून सांगितला नाही, आणि त्याचे पैसे तिनंच भरले. रीतसर अभ्यासात रुग्णावर अन्याय होत नाही ना हे बघणारी नैतिक समिती असते, समजेल अशा भाषेत संमती घ्यावी लागते, कधीही "नको" म्हणून उठून जाता येतं, आणि २००७ पासून देशात क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्री आहे, तिथं अभ्यास सुरू करण्याआधी काय मोजणार ते जाहीर नोंदवून ठेवतात. ती इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते, पण सगळी इंग्रजीत. तिच्यात सोलापूरचं काय चाललंय ते आपण महिन्यातून एकदा मराठीत छापलंत तर फार मोठं काम होईल.

आपल्याकडे माझं हेच मागणं आहे. शिबिराची बातमी जरूर द्या, गरिबाला फोटो फुकट निघतो. पण "नवीन तंत्रानं गुडघा बरा" अशी बातमी आली की बातमीदारानं एक प्रश्न जास्त विचारावा, हे कशाशी ताडून पाहिलं, आणि उत्तर त्याच बातमीत छापावं. उत्तर मिळालं नाही तर मिळालं नाही असं छापावं.

अक्काला मी परवा उत्तर दिलं. जा, तपासून घे, फोटो काढ, पण कुठल्याही कागदावर अंगठा देण्याआधी तो कागद माझ्याकडे आण. ती म्हणाली, "आणि त्यांनी असं अभ्यासाचं काही काढलं तर माझं नाव घाल. तुझंही घाल, तुझा डावा अजून शाबूत आहे." माझं तर घालीनच. गल्लीतल्या अकरा जणी तयार आहेत, मी विचारून आले आहे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या कुणी हे पत्र वाचलं तर एवढंच बघावं, की संमतीचा कागद तेलुगूत आणि कन्नडमध्येही असावा, आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी आपल्या शब्दांत काय समजलं ते बोलून दाखवावं, आणि ते कुणीतरी बसून लिहून घ्यावं. लिहून घ्यायला मी येईन.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
पूर्व भाग, सोलापूर

(माझं नाव आणि पत्ता आपल्याला वेगळ्या कागदावर कळवला आहे. अक्काच्या विनंतीवरून छापू नये.)